जिवाणू की विषाणू? रिपोर्ट हातात घेऊन वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग बघते. पाऊस सुरू झाला की काउंटरवर तापाच्या पेशंटची रांग लागते, आणि रिपोर्ट हातात पडल्यावरचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केलेत. गोळी कोणती घ्यायची ते तुमचे डॉक्टर सांगतील. जंतू आतून-बाहेरून कसा असतो आणि त्याने उपचारात काय फरक पडतो, एवढंच मी सांगणार आहे.

जिवाणू काय, विषाणू काय, शेवटी दोन्ही जंतूच ना?

जंतू दोन्ही, पण जात एक नाही. जिवाणू ही पूर्ण पेशी आहे. तो अन्न घेतो, त्यातून ऊर्जा काढतो, स्वतःची प्रथिनं स्वतः बनवतो आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. विषाणू ही पेशीच नाही. प्रथिनाच्या आवरणात बंद केलेला जनुकीय मजकूर, बास. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याच्याने काहीही होत नाही. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात, अँटिबायोटिकचासुद्धा.

आकारात किती फरक असतो?

आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो. एका मिलिमीटरच्या लांबीत असे ५०० एकापुढे एक मावतील. डेंग्यूचा विषाणू ५० नॅनोमीटरचा (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रोमीटर), म्हणजे ई. कोलायच्या लांबीचा चाळिसावा भाग. लोकलचा एक डबा हा ई. कोलाय धरला, तर डेंग्यूचा विषाणू म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाने पोटाशी धरलेली सॅक. करोनाचा विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास, तरी सॅकच, दुपटीने फुगलेली.

आमच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. भिंग कितीही महाग आणा, ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीची आहे. म्हणून जिवाणू आम्हाला त्याच्याखाली दिसतात, विषाणू दिसत नाहीत. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडकवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी गाळलेल्या रसाने निरोगी पानांना रोग झालाच. त्या रसात नेमकं काय होतं ते प्रत्यक्ष दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला आणि १९३९ साल उजाडावं लागलं.

म्हणूनच डेंग्यूच्या रिपोर्टात "विषाणू दिसले" असं कधी लिहिलेलं नसतं. आम्ही त्याचं एनएस-वन हे प्रथिन शोधतो, किंवा पीसीआरने त्याचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, किंवा तुमच्या शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं.

जिवाणूच्या आत नक्की काय काय असतं?

बाहेरून आत जाऊ. काही जिवाणूंवर सगळ्यात वर शर्करेचं बुळबुळीत संपुट असतं. न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकोकसला ते असतं, आणि त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना तो पकडीत घेणं जड जातं. संपुट नसलेला त्याचाच भाऊबंद बराच निरुपद्रवी असतो.

त्याखाली पेशीभित्तिका. ती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची असते: शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे सांधणारे छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखेच पण अगदी लहान तुकडे. जिवाणूच्या आत विरघळलेले पदार्थ इतके असतात की बाहेरचं पाणी सतत आत घुसू बघतं. भित्तिका नसेल तर तो फुगून फुटेल. गोल, दंडाकृती की नागमोडी हा आकारही भित्तिकाच टिकवते.

भित्तिकेच्या आत पातळ पेशीपटल. आपल्या पेशीत ऊर्जा काढायला मायटोकाँड्रिया असतात. जिवाणूत ते नसतात, हे काम तो पेशीपटलावरच उरकतो. त्याच्या आत पेशीद्रव्य, आणि त्यात हजारो रायबोसोम, म्हणजे प्रथिनं जुळवणारे सूक्ष्म कण. हे रायबोसोम आपल्या रायबोसोमपेक्षा लहान आणि घडणीने वेगळे असतात. शास्त्रीय भाषेत ते सत्तर-एस, आपले ऐंशी-एस. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

केंद्रक मात्र नाही. डीएनए पटलात गुंडाळलेला नसून पेशीद्रव्यातच दाटीवाटीने बसलेला असतो. ई. कोलायचा डीएनए उलगडला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो, त्याच्या अंगापेक्षा सातशे-आठशे पट लांब! त्यात सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आणि चार हजारांवर जनुकं. शिवाय अनेकांकडे प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी जादा कडी असते. दिसायला किरकोळ, उपद्रवाने मोठी. तिच्याबद्दल खाली सांगते.

बाहेरच्या बाजूला चिकटण्यासाठी बारीक केसांसारखे तंतू, आणि काहींना पोहण्यासाठी कशाभिका. कशाभिका हलते नव्हे, फिरते. तिच्या बुडाशी प्रथिनांची मोटर असते आणि ती सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेऊ शकते. पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, जिवाणूला एकच कशाभिका असते, आणि ताज्या नमुन्यात तो इतक्या वेगाने सुळकन निघून जातो की नजर त्याच्या मागेच राहते.

रिपोर्टवर "ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय" लिहिलंय. निगेटिव्ह म्हणजे काही नाही ना?

नाही हो. काउंटरवर सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाने होतो. लघवीच्या रिपोर्टात हा शब्द बघून आनंदाने घरी निघालेल्या एका काकूंना आमच्या लॅबमधल्या मुलाने जिन्यातून परत बोलावलं होतं. इथे निगेटिव्ह म्हणजे जिवाणू नाहीत असं नव्हे. जिवाणू आहेत, दंडाकृती म्हणजे काडीसारखे आहेत, आणि एका विशिष्ट रंगाला दाद देत नाहीत.

ही रंगवण्याची पद्धत हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही रोज वापरात आहे. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग ओतायचा. मिनिटभराने पाण्याने धुऊन आयोडीन. आत्तापर्यंत सगळेच जिवाणू जांभळे. आता काचपट्टी तिरकी धरून वरून अल्कोहोल सोडायचं, आणि बेसिनसमोर उभ्या असलेल्याच्या हाताची सगळी परीक्षा इथेच असते. खाली ओघळणारं अल्कोहोल रंगहीन झालं की लगेच थांबायचं. दोन सेकंद जास्त झाले तर ज्यांनी जांभळं राहायचं तेही उतरतात आणि रिपोर्ट चुकतो. शेवटी सॅफ्रॅनिनचा लालसर रंग, एक थेंब तेल, आणि हजारपट भिंगाखाली बघायचं.

जाड भित्तिकेचे जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. गळवातल्या पुवात स्टॅफिलोकोकसचे जांभळे घोस दिसतात. ग्रॅम निगेटिव्हची भित्तिका अगदी पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक पटल असतं. अल्कोहोल ते बाहेरचं पटल विरघळवतं, पातळ थरातून जांभळा रंग वाहून जातो आणि जिवाणू गुलाबी दिसतो.

जांभळा-गुलाबी हा फरक नुसता रंगाचा नाही. व्हॅन्कोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक त्या बाहेरच्या पटलातून आत शिरूच शकत नाहीत, त्यामुळे ग्रॅम निगेटिव्हवर निरुपयोगी. शिवाय त्याच पटलात लिपोपॉलिसॅकराइड नावाचं एक विष असतं. रक्तात ते मोठ्या प्रमाणात सुटलं की थंडी वाजून ताप चढतो आणि रक्तदाब झपाट्याने खाली येतो. म्हणून रक्ताच्या नमुन्यात गुलाबी दंडाकृती जिवाणू दिसले की आम्ही रिपोर्ट छापून यायची वाट बघत नाही, डॉक्टरांना थेट फोन करतो.

सगळ्या जिवाणूंची भित्तिका या दोनच प्रकारची असते का?

नाही. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते. पेनिसिलीन भित्तिकेच्या सांध्यावर घाव घालतं, त्यामुळे मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात ते दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच.

उलट टोकाला क्षयाचा जिवाणू. त्याच्या भित्तिकेत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो. ग्रॅमचा रंग त्यावर नीट चढत नाही, म्हणून थुंकीच्या तपासणीत रंग तापवून चढवतात आणि नंतर आम्लाने धुतात. क्षयाचा जिवाणू तरीही लाल राहतो. वाढतोही तो रमतगमत. ई. कोलाय पोषक वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकापासून सुरुवात केली तर सात तासांत २०,९७,१५२. क्षयाच्या जिवाणूला एकदा दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात. घन माध्यमावरचा कल्चर रिपोर्ट (म्हणजे नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून केलेली तपासणी) यायला ३ ते ८ आठवडे जातात तो याचमुळे. लॅब झोपली आहे असं समजू नका. औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात, त्यामागेही हा मेणचट थर आणि ही संथ चाल आहेच. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात आणि पालिकेच्या दवाखान्यांत "बरं वाटलं तरी गोळ्या सोडू नका" असं सारखं बजावतात, ते उगाच नाही. वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयाचा सगळा इतिहास ज्या कुष्ठरोगाशी बांधलेला आहे, त्याचा जिवाणूही याच मेणचट घराण्यातला.

मग विषाणूची रचना कशी असते?

सांगायला फारसं नाही. मधोमध डीएनए किंवा आरएनए, दोन्हीपैकी एकच. त्याभोवती प्रथिनांचं आवरण, त्याला कॅप्सिड म्हणतात. काही विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा अंगावर घेऊन येतात. तो त्यांचा स्निग्ध लिफाफा, आणि त्यातून बाहेर डोकावणारी प्रथिनं म्हणजे पुढच्या पेशीला चिकटण्याची सोय. रायबोसोम नाहीत, पेशीद्रव्य नाही, ऊर्जा काढण्याची कसलीही व्यवस्था नाही. डेंग्यूच्या विषाणूचा सगळा मजकूर जेमतेम ११ हजार अक्षरांचा आणि त्यातून प्रथिनं बनतात दहा. एवढ्या भांडवलावर तो दरवर्षी अख्ख्या मुंबईला अंथरुणात पाडतो!

लिफाफा आहे की नाही याला घरच्या व्यवहारात महत्त्व आहे. साबण तो स्निग्ध थर फोडतो, म्हणून करोना, फ्लू यांच्यावर साबण आणि सॅनिटायझर दोन्ही चांगले. पावसाळ्यात कावीळ पसरवणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंना विष्ठेतून बाहेर पडताना लिफाफा नसतो. त्यांच्यावर सॅनिटायझर तितकासा चालत नाही. तिथे वाहत्या पाण्याखाली साबणाने हात चोळून धुणंच कामाला येतं.

विषाणू जिवंत असतो की नाही?

परीक्षेत जे लिहायला सांगतात ते लिहा: पेशीबाहेर निर्जीव, पेशीत सजीवासारखा. माझ्या मते या वादात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. लॅबमध्ये उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: तो स्वतः वाढू शकतो का? उत्तर, नाही.

तापात अँटिबायोटिक दिलं तर बिघडतं काय? मागच्या वेळी अझिथ्रो घेतली आणि तीन दिवसांत उतरला.

तीन दिवसांत तो बहुतेक गोळी न घेताही उतरला असता. साधा व्हायरल ताप साधारण तेवढ्यातच आटोपतो आणि श्रेय गोळीला मिळतं. मेडिकलवाल्याकडून स्ट्रिप आणून अर्धी स्वतः आणि अर्धी शेजारच्या वहिनींना, हा आपल्या चाळींतला आणि सोसायट्यांतला जुना परिपाठ आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

अँटिबायोटिक काम करतं ते जिवाणूकडे असलेल्या आणि आपल्याकडे नसलेल्या भागावर. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन आणि सेफिक्झिम भित्तिकेचे सांधे जुळू देत नाहीत. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून आपण सुटतो. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ते सत्तर-एस रायबोसोम पकडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन जिवाणूचा डीएनए सोडवणारं एन्झाइम अडवतं. आता विषाणूकडे यातलं काय आहे? भित्तिका नाही, रायबोसोम नाहीत, ते एन्झाइम नाही. तो आपलेच रायबोसोम वापरून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. त्याच्यावर अझिथ्रो टाकून मारणार कशाला?

विषाणूंवरही औषधं आहेत, पण ती एकेका विषाणूच्या एकेका एन्झाइमवर बेतलेली असतात. नागिणीवर ॲसायक्लोव्हिर, फ्लूवर ओसेल्टामिव्हिर. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

बिघडतं ते असं. विषाणूला काही होत नाही, पण आतड्यातले लाखो निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात. वर सांगितलेली प्लाझ्मिडची कडी इथे येते. औषध निकामी करणारं जनुक बरेचदा प्लाझ्मिडवर असतं, आणि एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून त्या कडीची नक्कल त्याला देऊ शकतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही. लघवीच्या कल्चर रिपोर्टात औषधांच्या नावांपुढे ओळीने "आर" लिहिलेलं दिसतं ना, म्हणजे ते औषध त्या जिवाणूवर चालत नाही, त्यामागे बरेचदा हीच देवाणघेवाण असते.

साचलेल्या पाण्यातून चालत आले. लेप्टो कशात मोडतो?

जिवाणूत. हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे, कुठेही गुडघाभर पाण्यातून आलात आणि पायाला जखम किंवा भेग असेल तर हा प्रश्न रास्त आहे. संसर्ग झालेल्या उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा पाण्यात येतो आणि जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

याची रचना बघण्यासारखी आहे. जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर, लांबी ६ ते २० मायक्रोमीटर, दाट पिळाचा आणि टोकाला आकड्यासारखा वाकलेला. इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपला तो दिसत नाही आणि ग्रॅमचा रंगही नीट घेत नाही. काळ्या पार्श्वभूमीच्या मायक्रोस्कोपखाली चमकणारी तार स्वतःभोवती फिरत पुढे सरकताना दिसते. त्याच्या कशाभिका बाहेर नसतात, दोन पटलांच्या मधल्या जागेत दडलेल्या असतात. त्या फिरल्या की अख्खं अंगच फिरतं.

तो जिवाणू असल्यामुळे त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं. म्हणूनच पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. डेंग्यूसाठी अशी गोळी नाही.

आणि मलेरिया?

दोन्हीपैकी काही नाही. प्लाझ्मोडियम हा केंद्रक असलेला एकपेशीय परजीवी आहे.

प्लेगच्या लसीचा आणि परळच्या हाफकिन संस्थेचा काय संबंध?

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि मुंबईत हाहाकार उडाला. प्लेगचा जिवाणू ग्रॅम निगेटिव्ह दंडाणू आहे. अलेक्झांडर येर्सिन यांनी तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हे जिवाणू रश्शात वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ ला ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर चाचणी झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं.

मेलेला जिवाणू लस म्हणून चालतो कसा? आपली प्रतिकारशक्ती जिवाणूचे पृष्ठभागावरचे रेणू ओळखते, आणि ते ओळखायला जिवाणू जिवंत असावा लागत नाही.

जिवाणूंना विषाणू लागतात का?

लागतात. त्यांना फाज म्हणतात. ते जिवाणूच्या भित्तिकेवर उतरून आपला डीएनए आत सोडतात, आणि काही वेळाने जिवाणू फुटून नवे फाज बाहेर पडतात. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द'एरेल यांनी १९१७ मध्ये त्यांची नोंद केली. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर फाज वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत.

विषाणू कायम जिवाणूपेक्षा लहानच असतो?

बहुतेक वेळा. पण अपवाद आहेत, आणि काही तर आपल्याच गटारात सापडलेत. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला १९९२ मध्ये एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात अमीबाच्या आत काहीतरी मिळालं. ते ग्रॅमच्या रंगाने जांभळं झालं, म्हणून सगळ्यांनी जिवाणू समजून बाजूला ठेवलं. २००३ मध्ये उलगडलं की तो विषाणू आहे; नाव पडलं मिमिव्हायरस. त्याच्याकडे सुमारे बारा लाख अक्षरजोड्या आहेत, काही जिवाणूंपेक्षा जास्त. पण प्रथिनं बनवणारे रायबोसोम त्याच्याकडेही नाहीत, म्हणून तो विषाणूच. २०१६ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मुंबईच्या सांडपाण्यातून असाच एक वेगळा काढला, मिमिव्हायरस बॉम्बे. पुढे पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस आणि कुर्लाव्हायरसही आले. स्टेशनांची यादी वाचल्यासारखं वाटतं खरं! घाबरू नका, हे सगळे अमीबात वाढणारे आहेत.

जिवाणूंच्या बाजूनेही विक्रम आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर खारफुटीच्या कुजक्या पानांवर थायोमार्गारिटा मॅग्निफिका सापडला, २०२२ मध्ये जाहीर झाला. लांबी सुमारे एक सेंटिमीटर. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

पाणी उकळलं की सगळे मरतात ना?

पिण्याच्या पाण्यातले रोग पसरवणारे नेहमीचे जिवाणू आणि विषाणू मरतात. खळखळून उकळा, नुसतं कोमट करून चालत नाही. पण बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम घराण्यातले जिवाणू अडचणीच्या काळात बीजाणू बनवतात: डीएनएभोवती जाड, कोरडी, अनेकपदरी वेष्टनं. तो बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतो. त्याला मारायला ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस लागतं, साधारण पंधरा मिनिटं.

घरात हे प्रकरण भाताशी येतं. बॅसिलस सेरियसचे बीजाणू तांदळावर असतात आणि शिजवताना टिकतात. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला तर मुंबईच्या उकाड्यात ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलटी आणणारं ते विष सकाळी फोडणी दिल्याने जात नाही. विषाणूत बीजाणू हा प्रकारच नाही. भात उरला तर लवकर फ्रीजमध्ये ठेवा, मग फोडणीचा भात बिनधास्त करा.

ब्लड कल्चर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीच का घेतात? आणि पाच दिवस का लागतात?

कल्चरच्या बाटलीत पोषक द्रव असतो. रक्तात मोजके जिवाणू असले तरी ते त्यात वाढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मशीन ते टिपते. दोन डोस पोटात गेल्यावर रक्त घेतलं तर जिवाणू अर्धमेले झालेले असतात आणि वाढत नाहीत. मग टायफॉइड असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. बहुतेक बाटल्या दोन दिवसांतच बोलतात, पण उशिरा वाढणाऱ्यांसाठी आम्ही त्या पाच दिवस ठेवतो. पाच दिवसांनी "नो ग्रोथ" आला तर एवढंच समजायचं की या बाटलीत जिवाणू वाढले नाहीत. विषाणू तर त्या बाटलीत कधीच वाढणार नव्हता. त्याला जिवंत पेशी लागते, आणि बाटलीत नुसता रस्सा आहे.